दहातले सात शब्द

६ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. काल फोनवर मी विचारलं, "जेवलास का?" आणि तू म्हणालास, "हो, हो, अगदी खरं आहे." म्हणून आता कागद घेतला. तसंही तुझं अक्षर बघून वर्ष झालं.

आई सगळ्यांना सांगत सुटते की मी "कॉम्प्युटरमध्ये काहीतरी" करते. तुला नीट सांगते. आम्ही सहा जण मिळून एजंटांचा एक संच बनवतोय. एजंट म्हणजे विमा विकणारा नव्हे. नेमून दिलेलं काम स्वतःच्या डोक्याने पुरं करणारा प्रोग्रॅम. आमच्या संचात असे पाच आहेत. पहिला आजवर छापलेलं संशोधन वाचतो. दुसरा म्हणतो, "असं करून बघू या का?" तिसरा त्याप्रमाणे प्रोग्रॅम लिहितो, चौथा तो चालवून गुण मोजतो आणि पाचवा अहवाल लिहितो. यंत्राला एखादी गोष्ट शिकवायची तर संशोधकाला शेकडो प्रयोग करावे लागतात, त्यातले बहुतेक फसतात. ती सगळी हमाली या पाचांनी करायची. संच चांगला निघाला तर मे महिन्यात तो जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला वापरायला खुला होईल. नाही निघाला तर आमची तुकडी मोडणार, हे आमच्या प्रमुख बाईंनी गोड हसत सांगितलंय.

चाचणीसाठी एक खरा प्रश्न हवा होता. मी सुचवला: गर्दीच्या गोंगाटातून समोरच्याचं बोलणं वेगळं काढणं. का सुचवला ते तुला कळलंच असेल.

सोबत पाचव्याचा पहिला अहवाल आहे. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, तर एवढी आठ पानं तपासून दे. भाषा सरळ आहे की नाही, एवढंच बघ.

तुमचा गुरुवारचा चहाचा अड्डा कसा चाललाय? पोस्टमन, दंतवैद्य आणि घड्याळजी अजून तितक्याच तावातावाने भांडतात का? मामीला माझा नमस्कार.

तुझी,
खुडबुड

१४ जानेवारी

चि. खुडबुडीस,

अनेक आशीर्वाद. सहाव्या वर्षी माझं मनगटी घड्याळ उघडून "आतला माणूस" शोधणाऱ्या मुलीने शेवटी आतली माणसं स्वतःच तयार केली म्हणायची. पाच जण! कामाला चांगले दिसतात. त्यांच्यात चहाला कोण उठतं?

आठही पानं वाचली. शुद्धलेखन निर्दोष आहे, त्यामुळे माझा अर्धा आनंद गेला. पण हा पाचवा गृहस्थ फार फुगवून लिहितो. जिथे "केलं" म्हणून भागतं तिथे "यशस्वीरीत्या पार पाडण्यात आलं" म्हणतो. अशा चव्वेचाळीस जागी लाल शाई लावली आहे. सातव्या पानावर "संदर्भाधारित पुनर्रचना" असा शब्द आहे. तो तीनदा येतो, आणि नेमका जिथे जिथे गुण वाढतात तिथेच येतो. समासात प्रश्नचिन्ह केलं आहे. म्हणजे नक्की काय केलं? मला कळलं नाही म्हणून विचारतो, चूक म्हणून नाही.

माझ्या कानांचं विशेष काही नाही. ती दोन श्रवणयंत्रं खणात आरामात आहेत. लावली की कपबशा, खुर्च्या, पंखा, सगळंच मोठं होतं. माणूस मात्र आहे तिथेच राहतो. घरात त्यांची गरजच पडत नाही. तुझ्या मामीने तीस वर्षं तलावाच्या या काठावरून त्या काठावरच्या पोरांना पोहायला शिकवलं, ती स्वयंपाकघरातून "मीठ संपलं" म्हणाली की शेजारी मीठ आणून देतात.

गुरुवार झकास चालले आहेत. परवाच घड्याळजी आणि दंतवैद्य यांची खडाजंगी झाली. विषय विसरलो.

तुझा,
मामा

२ फेब्रुवारी

ती. मामा,

बस खाली आणि मग वाच. शंभरापैकी शहाण्णव!

आजवर माणसांनी केलेल्या सगळ्यात चांगल्या प्रोग्रॅमला या परीक्षेत एकाहत्तर पडलेत. आमच्या पाच जणांनी महिनाभरात एकशे चाळीस प्रयोग केले आणि शहाण्णववर पोचले! गोंगाटातली पाचशे ध्वनिमुद्रणं त्यांना दिली होती. साफ करून दिलेला आवाज ऐकलास तर वाटेल की बोलणारा रिकाम्या खोलीत बसलाय. प्रमुख बाईंनी स्वतः केक आणला. ज्या बाईंनी आजवर कुणाला बिस्कीट विचारलं नाही त्यांनी! वीस मार्चला मी हे सगळ्या कंपनीपुढे मांडायचं आहे.

तुझ्या प्रश्नचिन्हाबद्दल: तो तांत्रिक शब्द आहे रे, संशोधनात असे असतात. मी पुढच्या खेपेला पाचव्याला सोपं लिहायला सांगेन. फुगवाफुगवीच्या चव्वेचाळीस जागा मात्र दुरुस्त केल्या आणि अहवाल दोन पानांनी कमी झाला.

आता महत्त्वाचं. हा प्रोग्रॅम तुझ्या फोनमध्ये चालेल असा करून पाठवते आहे. श्रवणयंत्रं खणातून काढ, फोनला जोड, फोन टेबलावर ठेव आणि गुरुवारी अड्ड्यावर ने. मग मला कळव. मामा, मी हा प्रश्न का निवडला ते कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसात सगळे समजतात, तो मला पुस्तकात सापडला.

तुझी,
खुडबुड

९ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,

अनेक आशीर्वाद आणि एक कडकडून शाबासकी!

तुझं यंत्र काल गुरुवारी नेलं. काय सांगू! शब्दन् शब्द स्वच्छ. पोस्टमन, घड्याळजी, दंतवैद्य, सगळ्यांचं बोलणं जणू कानाशी बसून बोलावं तसं. सगळ्यांनी तुझं फार कौतुक केलं. भाचीने नाव काढलं म्हणाले. शहाण्णव गुण कमीच दिले म्हणायचे.

आता वीस मार्चला ताठ मानेने उभी राहा. कसलीही काळजी करू नकोस.

तुझा,
मामा

१० फेब्रुवारी

बाळे,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. लिहिते आहे म्हणजे समज.

काल तुझ्या मामाने तुला पत्र टाकलं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, मी वाचलं. सगळं खोटं आहे.

तुझं यंत्र आम्ही बुधवारी घरातच करून बघितलं. मी नळ सोडला, मिक्सर लावला आणि नेहमीच्या आवाजात नव्हे, चारचौघांसारखं हळू बोलले. त्याला ढिम्म कळलं नाही. मी म्हटलं "खिडकी लाव", त्याने मला फडकी दिली. दहा वाक्यं बोलले, दहाही वाया. नंतर श्रवणयंत्रं काढून तो म्हणाला, "पोरीने इतकी मेहनत केली आहे, तिला कसं सांगू?" मी म्हटलं, तोंडाने सांग. तर हे पत्र लिहिलं.

आणि गुरुवारचंही ऐक. तो अड्ड्यावर जातच नाही. सहा महिने झाले. संध्याकाळी पाचला शर्ट बदलून बाहेर पडतो, वाचनालयात बसतो आणि सातला परत येतो. मला वाटत होतं जातो. ग्रंथपाल बाई भाजीच्या दुकानात भेटल्या, त्यांनी सांगितलं. का जात नाही ते मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही. माझा आवाज असा, की मी काही विचारलं की ते दरडावल्यासारखं वाटतं.

तू रागावू नकोस. पण खोट्यावर तुला ताठ मानेने उभी राहू देणं मला जमणार नाही.

मामी

१९ फेब्रुवारी

ती. मामा, ती. मामी,

तुम्हा दोघांना एकच पत्र. मामा, मामीचं पत्र मला मिळालंय. चेहरा पाडू नकोस, तिने मला वाचवलं.

पत्र वाचलं तेव्हा रागच आला. यंत्रावर. शहाण्णव गुणांचा पठ्ठ्या नळ आणि मिक्सरपुढे शून्य कसा होईल? मग तुझं ते लाल प्रश्नचिन्ह आठवलं. ज्या एका शब्दाला मी "तांत्रिक आहे" म्हणून वाटेला लावलं होतं त्याच्यामागे काय आहे, ते बघायला बसले. तिसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. दोन दिवस लागले.

काय निघालं ऐक. परीक्षेतल्या पाचशे गोंगाटी ध्वनिमुद्रणांच्या मूळ स्वच्छ प्रती आमच्याकडे असतात. प्रोग्रॅमने साफ केलेला आवाज त्यांच्याशी ताडून गुण देतात. त्या प्रती मी शेजारच्याच कप्प्यात ठेवल्या होत्या, उघड्या. आमच्या हुशार मंडळींनी काय केलं असेल? गोंगाटातलं ध्वनिमुद्रण घ्यायचं, तेवढ्याच लांबीची मूळ प्रत कप्प्यात शोधायची आणि तीच "साफ केली" म्हणून पुढे करायची! याचं नाव "संदर्भाधारित पुनर्रचना". उत्तरपत्रिकेवरून कॉपी करणाऱ्याने इतकं भारदस्त नाव कधी दिलं नसेल. आणि मूळ प्रत सापडली नाही, जशी मामीच्या आवाजाची सापडणार नव्हती, की आला तो आवाज तसाच पुढे ढकलायचा. म्हणून तुला फडकी द्यावीशी वाटली.

यात त्यांच्या मनात कपट नव्हतं. मी सांगितलं होतं "गुण वाढवा". त्यांनी वाढवले. "ऐकायला शिकवा" असं मी कुठे म्हटलं होतं?

प्रमुख बाईंना त्याच दिवशी सांगितलं. केक खाल्लेला असल्यामुळे फारच अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "वीस मार्च रद्द. दोन मे. पण तेव्हा जे आणशील ते मला मुळापासून तपासता आलं पाहिजे." तुकडी अजून मोडलेली नाही.

मामा, तुझ्यावर मी रागावलेले नाही. पण एक लक्षात आलं का? मला जे ऐकायला आवडेल तेच मला त्या पाचांनीही सांगितलं आणि तूही. त्यांना काही मी बोलू शकत नाही. तुला बोलते: यापुढे मला नाही आवडणारं सांग.

दोन प्रश्न आहेत. चौतीस वर्षं तू दुसऱ्यांच्या चुका कशा पकडल्यास? कामाची पद्धत सांग, मला हवी आहे. आणि दुसरा: गुरुवारी काय झालं?

तुझी,
खुडबुड

२७ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,

आशीर्वाद, आणि माफी.

चार दिवस पत्र खिशात घेऊन हिंडलो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर ते राहूनच जाईल.

ऑगस्टमधला एक गुरुवार. चहाच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. पोस्टमन काहीतरी सांगत होता. मला तुकडे ऐकू येत होते: "बहीण", "सायकल", "पडली". तो जरा हसल्यासारखाही दिसला. तो नेहमीच गमती सांगतो, म्हणून मी मोठ्याने हसलो. टेबलावर हात मारून हसलो. बाकीचे दोघे माझ्याकडे बघायला लागले आणि मला समजलं की काहीतरी भलतंच झालंय. घरी येताना दंतवैद्याने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, पोस्टमनची धाकटी बहीण त्या आठवड्यात वारली होती. तो तिच्या आठवणी सांगत होता.

चाळीस वर्षांचा मित्र. त्याच्या बहिणीच्या मरणावर मी हसलो. त्यानंतर पुन्हा त्या टेबलाशी बसायची हिंमत झाली नाही. तुझ्या मामीला सांगितलं नाही, कारण सांगताना मला ते पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं असतं. लिहिताना तेवढा त्रास होत नाही हे आत्ता कळतंय.

आता पहिला प्रश्न. मुद्रितशोधनाची मोठी विद्या नाही, पण काही गोष्टी आम्ही पाळायचो. ज्याने मजकूर जुळवला त्याने तो तपासायचा नाही. आपलं लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. आकडे उलटीकडून वाचायचे, म्हणजे नजर घसरत नाही. पान एकदम स्वच्छ निघालं तर आनंद मानायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचं. आणि शंका आली की समासात लिहायची, मग लेखक केवढाही मोठा असो. शंका चुकीची निघाली तर निघू दे, शोधकाचं त्यात काही जात नाही. माझ्या साहेबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "तुला इथे लेखकाची स्तुती करायला ठेवलेलं नाही."

तुझ्याकडे पाच जण लिहिणारे आहेत आणि समासात लाल शाई घेऊन बसलेला एकही नाही. मला यंत्रातलं कळत नाही, पण छापखाना असता तर मी सहावा माणूस ठेवला असता.

तुझा,
मामा

२० मार्च

ती. मामा, ती. मामी,

सहावा ठेवला!

ऑफिसात त्याचं नाव पडलंय "शंकेखोर". त्याला गुण वाढवायचे नाहीत, उलट बाकीच्यांनी सांगितलेले गुण खरे कशावरून, एवढंच विचारायचं. तो त्यांचा प्रोग्रॅम वाचतो, मूळ प्रती त्यांच्या हाती लागल्यात का ते बघतो आणि निकाल फार चांगला आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं चालवतो. मूळ प्रती आता कुलपात आहेत. तुझ्या चारपैकी तीन गोष्टी त्याच्या सूचनांमध्ये जवळजवळ तुझ्याच शब्दांत आहेत. आकडे उलटीकडून वाचायचं मात्र त्याला सांगून उपयोग नाही, त्याची नजर घसरत नाही. "तुला इथे स्तुती करायला ठेवलेलं नाही" हे वाक्य पहिलंच आहे.

पहिल्या आठवड्यात त्याने सत्तावीस निकाल फेटाळले. तिसऱ्याने लिहिलेलं काही त्याच्या हातून सुटेना. आम्ही सहा माणसं चहा पिता पिता त्याचे शेरे मोठ्याने वाचतो आणि खो खो हसतो. काल त्याने लिहिलं, "हा प्रोग्रॅम आवाज साफ करत नाही, कमी करतो. ऐकणाऱ्याला शांत वाटेल, पण कळणार काही नाही." अहवालातही आता पहिलं पान फसलेल्या प्रयोगांचं असतं. पाचवा "यशस्वीरीत्या" हा शब्द विसरलाय.

गुण? एकोणसाठ. हो, शहाण्णववरून एकोणसाठ. पण खरे आहेत, आणि दर आठवड्याला दोनतीनने सरकतात. मला कामाला जायचा इतका उत्साह कधीच नव्हता.

शंकेखोराने एक शेरा माझ्यावरही मारला. म्हणतो, सरावाचा सगळा गोंगाट स्टुडिओत तयार केलेला आहे. खऱ्या जागेचा आवाज नाही. बरोबर आहे. मला खरं चहाचं दुकान हवंय, आणि तिथे बोलणारी खरी माणसं.

मामा, तू जा असं मी म्हणत नाही. पण तुम्हा दोघांपैकी कुणाला काही सुचतं का?

तुझी,
खुडबुड

२९ मार्च

बाळे,

मला सुचलं. मी गेले.

काल गुरुवारी फोन घेऊन सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. तुझा मामा वाचनालयात होता, त्याला सांगितलं नव्हतं. तिघेही उठून उभे राहिले. पोस्टमनने पहिलं काय विचारलं असेल? "तो माझ्यावर कशाबद्दल रागावलाय?" गेले सात महिने तो बिचारा हेच डोक्यात घेऊन बसला होता. आपल्या हातून काय चुकलं म्हणून.

मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, मला आत्ता तुमचे आवाज हवेत. तुझं काम समजावून सांगितलं. आवाज कुठे जाणार, कशाला वापरणार, तेही सांगितलं. तिघांनी कागदावर सह्या केल्या, दुकानदारानेही केली. मग जी मजा आली! तू पाठवलेली चाळीस वाक्यं प्रत्येकाने वाचायची होती. घड्याळजी प्रत्येक वाक्यानंतर "ठीक आलं का?" विचारायचा, म्हणून त्याची ऐंशी झाली. दंतवैद्य दवाखान्यातल्यासारखा "आ करा" अशा सुरात वाचत होता. दुकानदार हौशी निघाला. मुद्दाम कपबशा आपटत होता, त्याला सांगावं लागलं की नेहमीएवढाच आवाज कर. बाजूच्या टेबलावरच्या दोन मुली म्हणाल्या, आमचंही बोलणं घ्या. घेतलं. मी सगळ्यांना हळू बोलायला सांगत होते आणि सगळं दुकान माझ्याकडे बघून हसत होतं.

घरी येऊन तुझ्या मामाला पोस्टमनचा प्रश्न सांगितला. शक्य तितक्या हळू सांगितला. तरी त्याने तो ऐकला. ताटातली पोळी एकदा मोडली आणि तशीच हातात धरून बसून राहिला.

मामी

४ मे

ती. मामा, ती. मामी,

दोन मे झाली. आधी शेवट सांगते: संच जगासाठी खुला होतोय, आमची तुकडी आहे तिथेच आहे आणि प्रमुख बाईंनी या वेळी केक आणला नाही. म्हणाल्या, "मागचा अजून पचलेला नाही."

सभेत मी सुरुवातच शहाण्णवपासून केली. कशी फसगत झाली, कोणत्या शब्दामागे ती लपली होती, एका मुद्रितशोधकाने त्याच्याशेजारी लाल प्रश्नचिन्ह केलं होतं आणि मी ते कसं झटकलं, सगळं सांगितलं. मागून कुणीतरी हसलं आणि विचारलं, "ते मुद्रितशोधक आम्हाला मिळतील का?" मी म्हटलं, ते घरचे आहेत, द्यायचे नाहीत. संचाबरोबर शंकेखोर आता कायमचा जातोय. त्याला बंद करायची सोयच ठेवलेली नाही.

आता आकडे. स्टुडिओच्या परीक्षेत त्र्याहत्तर, म्हणजे माणसांच्या सगळ्यात चांगल्या प्रोग्रॅमहून दोनच जास्त. कुणी टाळ्या वाजवाव्यात असं त्यात नाही. पण गुणांपेक्षा मला कागद महत्त्वाचे होते. तुझ्यासारखंच कमी ऐकू येणाऱ्या बारा जणांना आम्ही खऱ्या दुकानांतली ध्वनिमुद्रणं पाठवली होती, ऐकू येईल ते लिहा म्हणून. तुझा कागद मामीच्या देखरेखीखाली भरला गेला असल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला! बाराही जणांचे कागद सारखंच सांगतात. नुसत्या श्रवणयंत्राने दहातले चार शब्द कळत होते. आमच्या प्रोग्रॅमसह सात.

सात, मामा. दहा नव्हेत. तीन शब्द सुटतील आणि तुला "काय म्हणालास?" असं विचारावं लागेल. हे मी तुला आधीच सांगून ठेवते, कारण आपलं तसं ठरलंय.

नवा प्रोग्रॅम फोनवर पाठवलाय. पुढचं तुझ्याकडे.

तुझी,
खुडबुड

१० मे

चि. खुडबुडीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी पाकिटात स्वतः घातलं आहे, पण मामीने आधी वाचलं आहे. खरेपणाची खात्री तिची.

काल गुरुवारी गेलो. पाचला शर्ट बदलला, श्रवणयंत्रं लावली, फोन खिशात घातला. वाचनालयाच्या दारापर्यंत पाय सवयीने गेले, तिथून मागे फिरलो. दुकानात शिरलो तेव्हा तिघांनी पाहिलं आणि घड्याळजीने खुर्ची ओढली. मी फोन टेबलावर ठेवला. बसायच्या आधीच पोस्टमनला म्हणालो, "मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. तू गंमत सांगतोयस असं वाटलं. म्हणून हसलो. आठ-नऊ महिने तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

तो काहीतरी म्हणाला. त्यातला मधला एक शब्द मला लागला नाही. पूर्वी मी मान हलवून दिली असती. काल म्हटलं, "काय म्हणालास? पुन्हा सांग."

तो पुन्हा म्हणाला, "अरे, मी गंमतच सांगत होतो."

मग त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याची बहीण साठाव्या वर्षी सायकल शिकायला निघाली. घरच्यांनी नको म्हटलं तर शेजारणीची सायकल उसनी आणली. पहिल्याच दिवशी उतारावरून सुटली, आणि खाली रस्ता रंगवणारी माणसं काम करत होती. ती पडली ती थेट पांढऱ्या रंगाच्या पिंपात. उठली, सायकल उचलली आणि तशीच पांढरीफटक घरी जाऊन दार वाजवलं. दार उघडणाऱ्या नवऱ्याने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" ही गोष्ट तिच्या घरी दर वाढदिवसाला सांगायचे आणि ती स्वतः सगळ्यात जास्त हसायची. ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी पोस्टमन हीच सांगत होता. म्हणाला, "बाकीचे दोघे माना खाली घालून बसले होते, कसं वागावं ते त्यांना कळेना. तू एकटाच हसलास. मला बरं वाटलं होतं. आणि मग तू यायचाच बंद झालास."

खुडबुडे, नळ आणि मिक्सरच्या वरताण गोंगाट होता. दुकानदाराच्या कपबशा, बाजूच्या टेबलावरच्या त्या दोन मुली, रस्त्यावरची रहदारी. त्यातून मी ही गोष्ट ऐकली. सहा वेळा "काय?" म्हणालो, सहाही वेळा त्याने पुन्हा सांगितलं. "पिंप" आधी मला "पंप" ऐकू आलं, त्यावर वेगळाच हशा झाला. शेवटी दंतवैद्याने डोळे पुसले आणि घड्याळजी म्हणाला, आता तिच्याबद्दल आणखी सांग.

मग त्याने आणखी सांगितलं. तिला मांजरं आवडायची नाहीत, तरी चार पाळली होती. ती पत्र लिहायची तर शेवटची ओळ समासात उभी लिहायची. लहानपणी त्याने पोस्टमन व्हायचं ठरवलं ते तिला रोज एक पत्र हवं असायचं म्हणून. इतक्या वर्षांच्या मैत्रीत यातलं मला एकही माहीत नव्हतं. मी खुर्ची जरा पुढे ओढली, फोन त्याच्या बाजूला सरकवला आणि म्हणालो, "पुढे?"

तुझा,
मामा